आरोग्यमंत्री महोदय, आमच्या पोरांना झालं तरी काय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

माहितीच्या अधिकारात केलेल्या माझ्या अर्जाला मागच्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचं उत्तर आलं. 'सदर नमुन्याची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक अगदी चोख. नमुना माझ्या मुलीच्या रक्ताचा होता.

मी भंडारा जिल्ह्यातला धानाचा शेतकरी. ऐन रोवणीत मुलीला ताप चढला आणि पहाटे झटके सुरू झाले. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर एकटेच. त्यांना मी दोष देत नाही. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं हे त्यांनीच सांगितलं, आणि त्याची सुई इथे नाही, हेही त्यांनीच. रक्त घेतलं, पण ठेवायला बर्फ नव्हता. वॉर्डबॉय म्हणाला, "भाऊ, मासळीवाल्याकडून आणता का?" आणला. थर्माकोलच्या डब्याला बोंबलाचा वास येत होता, त्यात माझ्या लेकीची नळी. 'पुण्याला जाईल, आठ दिवसांत रिपोर्ट येईल,' असं सांगण्यात आलं. मग १०८, मग नागपूर.

मुलगी वाचली. आता उजव्या हातात पेन्सिल धरवत नाही तिला. फिट येते म्हणून शाळेत बाई तिला मैदानावर सोडत नाहीत. झटक्यांचं औषध सरकारी दवाखान्यात कधी असतं, कधी 'बाहेरून घ्या'. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तर विचारतात, नेमका आजार कोणता होता? साहेब, तेच तर मी तुम्हाला विचारतोय.

चांदीपुरा हे गाव आमच्याच नागपूर जिल्ह्यातलं. १९६५ साली तिथल्या रुग्णांच्या रक्तात मुलांच्या मेंदूला सूज आणणारा विषाणू सापडला, त्याला नाव पडलं चांदीपुरा. पुण्याच्या विषाणू संस्थेनेच तो शोधला. साठ वर्षं झाली. लस नाही, खास औषध नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ ला गुजरातेत पुन्हा तेच. त्या वर्षी १५ ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू मोजले गेले, त्यात चांदीपुरा पक्का ठरला ६४ जणांत. उरलेल्या १८१ जणांना काय झालं होतं? चांदीपुराच्या आजारात मूल चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत हातचं जातं, आणि आमचा डबा टेबलावर वितळत बसतो.

उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरचं उदाहरण तर तुमच्या अधिकाऱ्यांना पाठ असेल. वर्षानुवर्षं मुलांचं असलं सगळं दुखणं डासांपासून होणाऱ्या जपानी मेंदूज्वराच्या नावावर खपवलं. २००६ पासून त्याची लस दिली तरी मुलं दगावतच होती. पुढे संशोधकांनी नीट नमुने तपासले तेव्हा कळलं, मोठा वाटा स्क्रब टायफसचा, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यापासून होणाऱ्या तापाचा. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. स्वस्तातली गोळी! आमच्या विदर्भातही २०१८ ला स्क्रब टायफसने माणसं गेली. मग आमच्या पोरांना झटक्यांचा ताप आला की त्यातलं काय असतं? कुणी मोजतं का?

म्हणून मागणी साधी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची सरकारी रुग्णालयं, नागपूरची मोठी रुग्णालयं आणि पुण्याची प्रयोगशाळा एका साखळीत जोडा. प्रत्येक ठिकाणी पाठीतलं पाणी काढता येणारा डॉक्टर, सुई आणि चालू फ्रीज. सगळीकडे एकच फॉर्म. रिपोर्ट डॉक्टरलाही आणि आईबापालाही. सहा महिन्यांनी मूल परत तपासायचं, कारण वाचलेल्या मुलांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत चांदीपुरा पसरवणारी वाळूमाशी आहे की नाही, ते पाहायला पावसाळ्याआधी माणूस पाठवा, पोर मेल्यावर फवारणी करायला नको.

पैसे नाहीत म्हणू नका. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला बसली, ११० कोटींवर खर्चाची. माणूस, जनावर, कीटक यांचे आजार एकत्र अभ्यासायचे, कल्पना उत्तम. त्या संस्थेचा आमच्या ग्रामीण रुग्णालयाशी संबंध काय, हे इथल्या एकाही कर्मचाऱ्याला सांगता आलं नाही. तालुक्यात निम्म्याहून जास्त पदं रिकामी आहेत असं तेच कर्मचारी सांगतात. आकडा चुकीचा असेल तर खरा तुम्ही छापा. जे आहेत ते कंत्राटी, पगार कधी होईल त्यांनाच ठाऊक नाही, आणि त्यांनी संशोधनाचे फॉर्म भरायचे!

पण दुखणं यापेक्षाही जुनं आहे. संशोधन म्हटलं की तुम्हाला पुणे-मुंबई दिसते, आणि आम्ही दिसतो ते साथ आली की, तेही आकड्यात. पुढाऱ्याला साधा ताप आला तरी मुंबईचं खाजगी रुग्णालय, दाराशी डॉक्टरांचं बुलेटिन. आम्हाला 'रेफर'. भूमिपूजनाला मंडप पडतो, ढोल वाजतात. फ्रीज बंद पडला तर तो दुरुस्त कुणी करायचा यावर तीन कार्यालयांत पत्रव्यवहार.

पुढच्या जूनच्या आत या साखळीसाठी आमच्या जिल्ह्याला किती रक्कम मंजूर झाली आणि जबाबदार अधिकारी कोण, त्याचं नाव व फोन नंबर रुग्णालयाच्या दारावर लावा. समिती नेमणार असाल तर कळवूच नका.

आपला,
एका मुलीचा बाप
जि. भंडारा