एप्रिलमधले धुके

हिंगणघाट,
५ जानेवारी

प्रिय ओळंबा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर धाडले नाही. गुडघा बरा आहे, डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, बाकी सर्व ठीक. तेव्हा प्रकृतीची सबब सांगण्याचीही सोय नाही. खरे कारण असे की तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्याचा धीर होत नव्हता.

सासुरवाडीला आलो की मी लॅम्बटनच्या, म्हणजे त्रिकोण मांडून हिंदुस्थानची मोजणी सुरू करणाऱ्या त्या इंग्रजाच्या, थडग्यापाशी एक फेरी मारून येतो, हे तुला ठाऊक आहे. “लोक सासुरवाडीला पुरणपोळी खायला जातात, हा गोऱ्याच्या मयताला जातो,” हे तुझे वाक्य आमच्या घरात अजून चालते. या खेपेस तिथे मला इथल्या शाळेतल्या एका गुरुजींनी गाठले आणि येत्या २० तारखेला, म्हणजे लॅम्बटनच्या पुण्यतिथीला, आठवी-नववीच्या मुलांपुढे त्याच्याविषयी बोलण्याची गळ घातली. विषयही त्यांनीच देऊन टाकला: ‘लॅम्बटन आणि मोजणीतला प्रामाणिकपणा’. तू आणि मी दोघेही माजी सैनिक, दोघेही पुढे सरकारी नकाशे काढणारे, तेव्हा बोलायला माझ्यासारखा लायक माणूस नाही, असे त्यांचे म्हणणे. मी मान डोलावली आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली आहे.

चरित्र सांगण्यात अडचण नाही. यॉर्कशरमधल्या एका साध्या शेतकऱ्याचा हा मुलगा अमेरिकेतल्या युद्धात उतरला, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेल्या इंग्रज फौजेत सापडला आणि नंतर बरीच वर्षे कॅनडाच्या बाजूला जमिनी व सरहद्दी मोजीत राहिला. तिथेच सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे त्याचा एक डोळा अधू झाला. (“दुर्बिणीला एकच डोळा लागतो, दुसरा साहेबाला मारायला,” असे तू म्हणायचास, हे मुलांना सांगणार नाही.) हिंदुस्थानात तो आला तेव्हा चाळिशी उलटली होती, म्हणजे ज्या वयात आपण बदली टाळण्यासाठी अर्ज करीत होतो त्या वयात त्याचे खरे काम अजून सुरूही झाले नव्हते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री सेनापती बेअर्डची तुकडी वाट चुकली, तेव्हा आपण उत्तरेकडे नव्हे तर दक्षिणेकडे, थेट टिपूच्या गोटाकडे चाललो आहोत, हे लॅम्बटनने ताऱ्यांवरून ओळखले. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी ७१ च्या युद्धातली शकरगडची आघाडी आठवते. पेरलेल्या सुरुंगांच्या नोंदीत एक सुरुंग कमी भरतो म्हणून तू सही करायला नकार दिलास आणि सुभेदारसाहेबांच्या शिव्या खात आम्हाला सगळी रांग पुन्हा मोजायला लावलीस. युद्ध संपल्यावर ७२ साली ते सुरुंग त्याच कागदावरून काढायचे होते. तुला ओळंबा हे नाव त्या रात्री पडले, आणि ते आपल्या सोबतच्या लांब्याने ठेवले की मी, हा वाद लांब्या गेल्यामुळे आता मिटणार नाही.

पुढचे तर तुला पाठच आहे. त्याचा वरिष्ठ अधिकारी आर्थर वेलस्ली याच्या पाठबळामुळे सरकारने त्याच्या मोजणीच्या योजनेला मंजुरी दिली आणि १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषेची, म्हणजे जिच्यावर पुढचे सगळे त्रिकोण उभे करायचे त्या पहिल्या रेषेची, मोजणी सुरू झाली. साडेसात मैल मोजायला ५७ दिवस लागले. शंभर फुटांची पोलादी साखळी, मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली आणि त्याने नाकारलेली, लाकडी पेट्यांत ताणून सुमारे चारशे वेळा मांडली. उन्हाने ती वाढते म्हणून वर तंबूची सावली धरली आणि शेजारी तापमापक ठेवले. मंगळूर ते मद्रास हे अंतर चारशे मैल समजले जात होते, ते ३६० भरले, म्हणजे टिपूला जमले नाही ते या मुखदुर्बळ माणसाने केले आणि कंपनी सरकारचा चाळीस मैल मुलूख कागदावरून काढून घेतला. मद्रासच्या अर्थसमितीतल्या एका सभासदाने तर म्हटले होते की, कुणाला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने पालखीच्या मुख्य भोयाला तसे सांगावे, लॅम्बटनच्या नकाशावाचून तो नीट पोचेल. आपल्या हिशेबनीसाचे एस.टी.च्या ड्रायव्हरविषयीचे मत आठवते का?

इथपर्यंत मी आरशासमोर बोलून पाहिले आणि चांगले जमले. माझी गाडी अडते ती १८०८ मध्ये, तंजावरला. तिथे सरफोजी राजे गादीवर होते. सपाट मुलखात लांबवर दिसावे म्हणून लॅम्बटन देवळाच्या गोपुरावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, चढवीत होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटले आणि कोन वाचायचे आडवे चक्र वाकडे झाले. त्याने ते तंबूत नेले, सुटे केले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून केसाकेसाने चक्र पूर्ववत गोल करीत आणले. त्याला सहा आठवडे लागले. मग त्याच यंत्राने पुढची कित्येक वर्षे काम केले.

आता मी तिथे मुलांपुढे उभा राहून हे सांगायचे आणि मेळघाटातली ती टेकडी गिळून टाकायची?

१९७६ च्या त्या दुपारी मोजणीचा मदतनीस खलाशी पाणी आणायला उतरला होता, तू फील्डबुक घेऊन सावलीत बसला होतास आणि माझा पाय तिपाईत अडकला. यंत्र मी स्वतः पाडले, स्वतः उचलले, रुमालाने पुसले आणि “काही झाले नाही” असे म्हणालो. संध्याकाळी तीन कोनांची बेरीज, पृथ्वीच्या गोलाईची वाढ धरूनही, चोवीस सेकंदांनी (एका अंशाचे ३६०० सेकंद) चुकली. यंत्र खाली पाठव, कळव, आठ दिवस काम थांबू दे, असे तू तीनदा सांगितलेस. माझी बढती तोंडावर होती. मी चोवीस सेकंद प्रत्येक कोनाला आठ असे वाटून टाकले, आणि तू काही न बोलता शेऱ्याच्या रकान्यात ‘धुके’ असे लिहिलेस. एप्रिलच्या दुपारी, विदर्भात, धुके! तपासणीला आलेल्या साहेबाने त्यावर सही केली. पुढे दोन वर्षे तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि तू चिडलास तो बढतीवरून असे मी सगळ्यांना सांगत फिरलो. याबद्दल मी तुझी माफी कधी मागितलेली नाही, ती आता मागतो.

मी हिशेब पुन्हा मांडून पाहिला आहे. आठ किलोमीटरवर आठ सेकंद म्हणजे जेमतेम एक फूट, आणि पन्नास हजार पट लहान केलेल्या नकाशावर तो फूट पेन्सिलीच्या टोकाहूनही बारीक. कुणाचे शेत गेले नाही, कुणाचा पाय सुरुंगावर पडला नाही. आता तर उपग्रहांनी सगळे नव्याने मोजले आहे. तरीही लॅम्बटनने सहा आठवडे कशापायी घालवले असतील हा प्रश्न मला सोडत नाही, कारण त्यालाही वाटून टाकता आले असते आणि त्याच्या मागे हिशेब तपासायला त्या काळी मुलखात कोण होते? सत्तरीला टेकलेला, खोकल्याने पोखरलेला तो माणूस १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला जाताना इथे गेला, तोपर्यंत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांवर त्याचे त्रिकोण पसरले होते. शिखराला नाव मात्र त्याच्या मदतनिसाचे, एव्हरेस्टचे, लागले. थडग्यापाशी उभे राहिले की मला त्याची कीव येत नाही, स्वतःची लाज वाटते.

मुलांना मी टेकडीची हकीकत सांगावी असे मला वाटते. माझी चूक माझी आहे, ती सांगायला मी कुणाची परवानगी मागणार नाही. परंतु ‘धुके’ हा शब्द तुझ्या अक्षरात आहे. उभ्या आयुष्यात ओळंबा कलला तो माझ्यासाठी, हे तुझ्या संमतीवाचून बोलण्याचा मला अधिकार नाही. आणि तो शब्द गाळून सांगितले तर मी पुन्हा एकदा कोन वाटून टाकल्यासारखे होईल. ही म्हणते, मुलांना तंजावर सांगा आणि खाली बसा. तिचे बरोबरही असेल.

वहिनींची साखर आटोक्यात आली का? नातीच्या लग्नाला येणे होईलसे दिसते, तिकिटे काढायची आहेत. घराचा वरचा मजला चढवलास की अजून नगरपालिकेशी भांडतो आहेस, तेही कळव.

फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. पोस्टकार्डावर ‘सांग’ किंवा ‘नको’ एवढेच लिही आणि लवकर टाक. शाळा वीस तारखेला सकाळी नऊला भरते.

तुझा,
दुर्बीणवाला

ता. क. धुक्याऐवजी धुरळा लिहिले असतेस तर निदान खरे वाटले असते. पन्नास वर्षांत हे विचारायचे राहूनच गेले.