102.2 म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तापावरचा लेख वाचला. ताप दिसला की उतरवा, असा एकूण सूर. त्याच रात्री आमच्या पाच वर्षांच्या नातीला ताप भरला आणि सूनबाई लेखाचं कात्रण घेऊनच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणून हे पत्र.

मी सांगलीत 31 वर्षं लॅब टेक्निशियन होतो. डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. सकाळचं पहिलं काम म्हणजे इन्क्युबेटरचं (जंतू वाढवायच्या उबदार पेटीचं) तापमान वहीत लिहिणं. आत ग्लिसरीनच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवलेला असे. रात्री लाइट गेली असेल तर दार उघडतानाच धाकधूक व्हायची. 37 अंश सेल्सिअस दिसलं की हायसं वाटे. अंगात रोग करणाऱ्या बहुतेक जंतूंना 37 चांगलं मानवतं, म्हणून लघवीच्या, पुवाच्या प्लेटा त्यात ठेवायच्या.

नातीचा ताप 102.2. सवयीनं सेल्सिअस काढलं तर बरोबर 39. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांच्या टी पेशी (लढाऊ पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) नेमक्या 39 वर वाढवून पाहिल्या. 2024 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. मी आयुष्यभर ज्या आकड्यावरून काटा हलू दिला नाही, तो यांनी मुद्दाम दोन अंश वर नेला! पेशी तरतरीत झाल्या, भराभर वाढल्या. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक पेशींचा वचक मात्र कमी झाला. आणि टीएच-1 नावाच्या टी पेशींना ती ऊब सोसेना. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या चुलीवरच, ताण आला, डीएनएला इजा झाली आणि कित्येक मेल्या. ज्या तगल्या, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया जास्त होते आणि त्या आणखी कडव्या निघाल्या. हे उंदरांचं, आणि काचेच्या भांड्यातलं. तरी ज्या उबेनं पेशींना धार येते तीच त्यांना जाळतेही, हे कळल्यावर ताप 'चांगला की वाईट' हा प्रश्नच मला भाबडा वाटू लागला.

नात हुडहुडत होती. आमच्या हिनं वाकळ घातली, सूनबाईंनी काढली. माझ्या मते त्या घटकेला वाकळ बरोबर होती. तापात मेंदू आपला काटा, म्हणजे अंग किती गरम हवं तो आकडा, 39 वर नेतो, अंग अजून मागे असतं, म्हणून थंडी वाजते. काटा खाली आला की घाम फुटतो, तेव्हा वाकळ काढायची. पॅरासिटामॉल हा काटाच खाली आणतं. जंतू मारणं त्याचं काम नव्हे. उष्माघातात काटा जागेवर असतो आणि अंगच तापतं, त्यामुळे तिथं या गोळीचा उपयोग नाही. लेखात ताप आणि उष्माघात दोन्ही एकाच पंगतीला बसवलेत.

पोरगी पेज पीत होती, टीव्ही लावा म्हणत होती, तोवर आम्ही काही दिलं नाही. अकराला अंग ठणकतंय म्हणून रडू लागली, तेव्हा वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉलचं औषध दिलं. झोपली. पारा 100 च्या खाली काही आला नाही, पण झोप लागली ना!

आपल्या लेखात आकडेच आकडे होते, पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तरी लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे नव्हतं. मूल गुंगीत असेल, लघवी होत नसेल, मान ताठली असेल, तर पारा कितीही असो, थांबायचं नाही, हेही नव्हतं. डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, हे तर हवंच होतं. आणि पुराच्या गावातला पेपर असून लेप्टोचं (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं) नाव नाही? पुराच्या पाण्यात वावरल्यावर आलेला ताप नुसता गोळीनं दाबून घरी बसायचं नसतं.

एवढं चौकटीत छापावं. जुनं कात्रण सूनबाईंनी फ्रिजवर चिकटवलंय, शेजारी जागा आहे.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
विश्रामबाग, सांगली