रिकाम्या बाकांचा दोष पोरांच्याच माथी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजांतल्या रिकाम्या बाकांवरचा परवाचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. लेखक प्राध्यापक आहेत, अनुभवी आहेत, त्यांचा मान ठेवूनच लिहितो. पण हल्लीच्या पोरांना शिकायचंच नाही, त्यांना नुसती पदवी हवी, हा निकाल त्यांनी कुठल्या पोरांकडे बघून दिला?

मी एसटीत वाहक होतो. निम्मी नोकरी सकाळची पहिली गाडी तालुक्याला नेण्यात गेली. कॉलेजची पोरं कशी येतात ते मला वर्गातल्या माणसापेक्षा जास्त माहीत आहे. मांडीवर सॅक, पिशवीत घडी घातलेला ॲप्रन. थांब्यावर गाडी उभी राहिली की तेवढ्यात जर्नलमध्ये दोन ओळी लिहून घ्यायच्या, डबल बेल पडली की पेन उचलायचं. चालत्या गाडीत अक्षर बिघडतं आणि मग सर सही देत नाहीत. ज्याला शिकायचं नाही तो असलं करत बसतो का?

पहिल्या तासाला बाक रिकामे असतात हे खरं आहे. का असतात ते लेखकांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या गावची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी निघणारी, २०२१-२२ च्या एसटी संपात बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. आता पहिली गाडी गावात येते तेव्हा तिकडे कॉलेजात पहिला तास चालू झालेला असतो. मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटी फुकट असते. तेरावीपासून पास काढावा लागतो. पास काढलेला आहे, गाडी नाही. वडापनं, म्हणजे खासगी जीपनं जायचं तर पास चालत नाही, रोख पैसे लागतात आणि मुलींना पुरुषांच्या गर्दीत अंग चोरून बसावं लागतं. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल लिहितोय, म्हणून जड जातं. पण आगाराला गावानं निवेदनं दिली, त्याची साधी पोचही आली नाही.

आणि पोर धडपडत पोचलं तर वर्गात शिकवायला कोण असतं? कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, आणि तासाप्रमाणे मानधन मिळणारी, तासिका तत्त्वावरची माणसं दोन-दोन कॉलेजं सांभाळतात, कारण एका ठिकाणच्या मानधनात घर चालत नाही. माझ्या मुलीला रसायनशास्त्र शिकवणारे सर असेच आहेत. तिची दहावी मराठीतून झालेली. अकरावीपासून सगळं एकदम इंग्रजीत आलं. ते दिवस तिनं शेवटच्या बाकावर मान खाली घालून काढले. पुढं बीएस्सीला गेली, तिथं या सरांनी तास संपल्यावर थांबून मराठीतून समजावलं, तेव्हा कुठं तिचा जीव शास्त्रात रमला. एकदा संध्याकाळी घरी आली ती हातपाय न धुता सांगत बसली. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, थेंब थेंब सोडायचा, खालचं पाणी स्वच्छच राहतं, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी होतं, तिथंच थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तिची आई भाकरी थापायची थांबून ऐकत होती. एनएसएसच्या शिबिरात त्याच मुलीनं बंधाऱ्याचे दगड वाहिले आणि शेवटच्या दिवशी माईकसमोर उभी राहून बोलली. तिला तसं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कॉलेज पोराला काय देतं हे मी यातून शिकलो. म्हणून तर पुढचं सहन होत नाही.

चौथ्या सत्राचा निकाल लागला. सगळे पेपर सुटले आणि रसायनशास्त्राच्या एका पेपरपुढे 'गैरहजर'. त्या पेपरला ती गेली होती. मीच तिला तालुक्यापर्यंत सोडलं होतं आणि सुटेपर्यंत बाहेर थांबलो होतो. हॉलतिकिटावर त्या तारखेच्या रकान्यात पर्यवेक्षकाची सही आहे. ते घेऊन कॉलेजात गेलो, तर म्हणाले विद्यापीठात जा. विद्यापीठाच्या खिडकीवर म्हणाले कॉलेजचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्या दिवसाचा वर्गातला हजेरीपट जोडलेला नव्हता. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागावी म्हटलं तर अर्जच घेईनात, कारण गैरहजर विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका नसते. त्यांच्याच चुकीचा आधार घेऊन ते आम्हाला परत पाठवत होते. तेवढ्यात परीक्षा अर्जाची मुदत संपत आली, म्हणून न चुकलेल्या पेपरचा एटीकेटीचा अर्ज फी भरून भरला. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते, तोही अर्ज अडकला.

पैशाचं सोडा. मुलीच्या गुणपत्रिकेवर 'गैरहजर' लागलं म्हणजे गावात काय होतं, याची त्या खिडकीतल्या माणसाला कल्पना आहे का? भावकीतल्या एकानं पारावर सगळ्यांदेखत विचारलं, पोरगी कॉलेजला म्हणून निघते ती जाते कुठं? नापास झाली असती तर कुणी काही बोललं नसतं, नापास सगळ्यांचीच पोरं होतात. गैरहजर म्हटल्यावर मात्र तिच्या चारित्र्यावर बोट आलं. आठ दिवसांत एक स्थळ आलं, वर सल्ला आला की आता उरकून टाका. तिच्या मैत्रिणीच्या आईनं मैत्रिणीला तिच्याबरोबर यायचं बंद केलं. शिबिरात माईकवर बोललेली माझी मुलगी पहिल्या सीटवर एकटी बसून जायला लागली. रात्री मला म्हणाली, दादा, तुम्हाला तरी माहीत आहे ना मी पेपर दिलाय? बापाला असं विचारायची वेळ पोरीवर आली, याचा जाब मी कुणाला विचारायचा?

शेवटी उत्तरपत्रिका सापडली. बारकोडचा स्टिकर नीट वाचला गेला नव्हता, एवढंच तोंडी सांगितलं. सुधारित गुणपत्रिका मिळाली, त्या पेपरला तिला उत्तम गुण आहेत. झाल्याबद्दल एक शब्द नाही, भरलेली फी परत नाही. आणि सुधारित गुणपत्रिका घेऊन भावकीत घरोघर कोण फिरणार?

हे एकट्या आमचं असतं तर लिहिलं नसतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या तेव्हा काय झालं ते साऱ्या राज्यानं पाहिलं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. राज्याच्या विद्यापीठ कायद्यात परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा असं लिहिलेलं आहे. तारखेची मुदत आहे, मग चुकलेला निकाल दुरुस्त करायला मुदत का नको? पोराची हजेरी थोडी कमी पडली तर त्याला परीक्षेला बसू देत नाहीत, पालकांना बोलावून हमीपत्र लिहून घेतात. बसलेल्या पोराला गैरहजर दाखवणाऱ्याकडून कुणी हमीपत्र घेतलं का?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती गरिबाघरचं पोर शाळेपर्यंत पोचावं म्हणून. शंभर वर्षांनी पोर दारापर्यंत येतंय, तर आत त्याची नोंदही धड होत नाही. लेखकांनी हे लिहावं. त्यांच्या शब्दाला वजन आहे, ते विद्यापीठाच्या सभांना जात असतील, तिथं त्यांनी हे विचारावं.

जाता जाता तुमच्या पेपरबद्दलही एक. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढे भरवतानाचे फोटो छापता, पानभर छापता, त्याला आमची हरकत नाही. पण तुमच्या युवा पुरवणीत तालुक्याचं कॉलेज मी कधी पाहिलेलं नाही. सगळे महोत्सव मुंबई-पुण्याचे, सगळे कट्टे तिथलेच. आमच्या पोरांनी बंधारा बांधला तेव्हा तुमच्या वार्ताहराला दोनदा फोन केला होता, तो आला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे पत्र त्या लेखाच्याच जागी छापा, खाली कोपऱ्यात नको. निकालात चुकून गैरहजर लागलेल्या मुलांसाठी विद्यापीठानं एक खिडकी आणि एक तारीख ठरवावी, आणि चूक विद्यापीठाची निघाली तर फी आपणहून परत करावी. नाव, गाव आणि विद्यापीठ मात्र छापू नये. मुलीचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं आहे आणि परीक्षेचा अर्ज त्याच खिडकीवर द्यायचा आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक