पाच दिवसांत ढीग तापतो, खत होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक (शिंगखतासारख्या खास निविष्ठा वापरणारी सेंद्रिय पद्धत) शेतकऱ्यांच्या व्यावसायिक प्रशिक्षणावरचा आपला कालचा लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण पाच दिवसांच्या वर्गाला आपण ‘परिपूर्ण अभ्यासक्रम’ म्हटले आहे, ते वाचून राग आला.

कंपोस्टचेच घ्या. पहिल्या दिवशी रचलेला ढीग दोन-तीन दिवसांत ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. प्रमाणपत्रे वाटायच्या वेळी त्यातून वाफा निघत असतात आणि सगळे समाधानाने घरी जातात. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. पारा ६५ च्या पुढे सरकला की ढीग पलटायचा आणि कडेचा माल आत घालायचा, कारण कडेला तणाचे बी जिवंतच राहते. ७० च्या वर कुजवणारे जिवाणूच मरू लागतात. आठवड्याने ढीग गार पडला, तर तो कोरडा पडला, ओल जास्त झाली, की नत्र (नायट्रोजन) संपले? आतला माल मुठीत दाबून पाहावा लागतो. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, म्हणजे साधारण ५० ते ६० टक्के. धार लागली तर आत हवा खेळत नाही, लवकरच सडका वास येणार. आत राखेसारखा पांढरा थर दिसला तर माल सुकला आहे. अमोनियाचा वास नाकाला झोंबला तर नत्र जास्त झाले, पेंढा मिसळायला हवा. आणि आपल्या चौकटीत सरसकट छापले आहे, ‘रोज पाणी मारा’!

कर्ब (कार्बन) आणि नत्राचे ३०:१ हे प्रमाण लेखात बरोबर आहे, पण ते जुळवायचे कसे, हे कुठेच नाही. पेंढ्यात ते साधारण ८०:१ असते, ताज्या शेणात २०:१, कोंबडखतात १०:१ च्या आसपास आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकडे. प्रशिक्षणार्थ्याने स्वतः वजन करून, ओल धरून हा हिशेब केला पाहिजे.

बाहेरून आणलेल्या पेंढ्याचा तर उल्लेखही नाही. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके पेंढ्यात उतरली असली, तर जनावराच्या पोटातून आणि तापलेल्या ढिगातूनही टिकून राहतात. परीक्षा सोपी आहे. काही कुंड्यांत कंपोस्ट आणि स्वच्छ माती मिसळून घेवडा पेरायचा, शेजारी नुसत्या मातीतही पेरायचा. कंपोस्टच्याच कुंड्यांतली कोवळी पाने वाटीसारखी वळली, तर ते खत शेतात टाकायचे नाही. याला तीन आठवडे लागतात. पाच दिवसांत ते कसे बसवणार?

बायोडायनॅमिकला अर्धा दिवस दिला आहे. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये कोबरविट्झला (आता पोलंडमध्ये) आठ व्याख्याने दिली, तिथून ही पद्धत सुरू झाली. तिच्या परिणामांबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, ते प्रशिक्षणार्थ्यांना सांगावेत. पण शिकवायचेच ठरले, तर पूर्ण शिकवा. शिंगखत, म्हणजे ५०० क्रमांकाची निविष्ठा, गाईच्या शिंगात शेण भरून शरद ऋतूत पुरतात आणि सुमारे सहा महिन्यांनी काढतात. ते काळपट, मऊ आणि जंगलातल्या मातीच्या वासाचे हवे. हिरवट निघाले, शेणाचा वास राहिला, तर खड्ड्यात पाणी साचले होते किंवा शेण फार पातळ होते. बरणीतले तयार शिंगखत दाखवून हे कळत नाही. शिंगखत घातलेल्या पाण्यात भोवरा तळापर्यंत नेऊन दिशा उलटवत तासभर ढवळणेही एकदा पाहून हाताला येत नाही.

अभ्यासक्रम किमान एका पूर्ण पीकवर्षाचा हवा, आठवड्यातून एक दिवस शेतावर. परीक्षेत पर्यायी उत्तरांचा कागद नको. बिघडलेले तीन ढीग समोर ठेवा आणि प्रत्येकाचे कारण व उपाय विचारा.

आपला,
एक वाचक

ता.क. : लेखासोबतच्या तक्त्यात शिंगखताची मात्रा एकरी ‘२५ किलो’ छापली आहे. ती २५ ते ३५ ग्रॅम हवी, सुमारे १३ लिटर पाण्यात. ढवळल्यावर काही तासांत, संध्याकाळी, मोठ्या थेंबांनी जमिनीवर शिंपडायचे. वाचक तक्ता कापून ठेवतात. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापावी, ही विनंती.