निविदेआधी संध्याकाळी सातला गावात जा

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह टीव्ही सेवेला मासिक भाडं नाही, म्हणून मराठवाड्याच्या वाड्या-तांड्यांवर अनेक घरांत तीच दिसते. तिच्यावर रिमोटने चालणारी बाजारभाव-हवामान सेवा द्यायची, तर मोबाइलचं अ‍ॅप उचलून टीव्हीवर चढवण्यात अर्थ नाही.

या सेवेच्या निविदेआधी परभणी-हिंगोलीकडच्या चार-पाच गावांत माणसं पाठवा, तीही संध्याकाळी सातनंतर. सकाळी अकराला कर्ती मंडळी रानात असतात. ‘तुम्हाला काय हवं?’ हे विचारूच नये. पाहुण्याला बरं वाटेल तेच उत्तर मिळतं. घरचाच टीव्ही, घरचाच रिमोट. ‘आजचा लातूरचा सोयाबीनचा भाव काढा’ एवढं सांगून गप्प बसायचं. किती बटणं दाबली, बोट कुठं अडखळलं, रिमोट पोराच्या हातात कधी गेला, हे टिपायचं.

मग गरज दिसते. नुसता कमाल दर कामाचा नाही; किमान आणि सर्वसाधारण दर, आवक, शिवाय हमीभावाची 12 टक्के ओलाव्याची अट त्याच पानावर लागते. हे ऑक्टोबरचं. जूनमध्ये पहिलं पान पावसाचंच हवं.

डिशचा मार्ग एकतर्फी आहे: माहिती घरी येते, घरून मागणी परत जात नाही. पानं एकामागून एक फिरत येतात, हवं ते पान पुन्हा येईपर्यंत सेट-टॉप बॉक्स थांबतो. 2 मेगाबाइटचा पानांचा संच सेकंदाला 400 किलोबिटने (आठ बिट म्हणजे एक बाइट) सोडला तर ही वाट 40 सेकंदांपर्यंत जाते. तोवर माणूस तीनदा ओके दाबतो किंवा मालिकेकडे परततो. म्हणून भावाचं पान फेरीत अनेकदा घाला, चित्रं कमी करा.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र आडव्या रेषांनी बनतं; त्यातल्या एकाच रेषेएवढी शिरोरेखा थरथरते. ती किमान दोन रेषा जाड हवी. चारी कडांना पाच टक्के जागा मोकळी सोडा, नाहीतर शेवटची ओळ चौकटीखाली जाते. आणि लॉगिन, पासवर्ड तर नकोच. बाणांच्या बटणांनी नाव टाइप करणं म्हणजे शिक्षा.

टीव्ही अख्ख्या घराचा असतो, शेजारीही येऊन बसतात. पीककर्जाची थकबाकी तिथे दाखवू नका. भाव उघडला तरी मालिका कोपऱ्यात, आवाजासह चालू राहू द्या. नाहीतर घरातूनच विरोध होईल.

निविदेत एक अट घाला: साठीपुढच्या आणि रिमोट क्वचितच हाती येणाऱ्या बायकांसह गावातल्या दहापैकी आठ जणांना, कुणी न सांगता, चार बटणांत भाव सापडला तरच पहिला हप्ता.

आपले,
मराठवाड्यातले काही प्रसारण तंत्रज्ञ