वाटाण्याची डाळ आणि माझं स्पिटफायर

साउदॅम्प्टन,
१७ मे २०२६

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझं रिमोटवरचं विमान उडालं. काल संध्याकाळी, सहा मिनिटं, आणि उतरलंही स्वतःच्या चाकांवर. फोनवर एवढंच सांगितलं होतं, कारण बाकीचं तुम्हाला कागदावर हवं असतं, चष्मा लावून सावकाश वाचता येईल असं. सोबत फोटोंच्या प्रिंट आहेत, मागे पेन्सिलीने नंबर टाकलेत. आईला सांगा, या आठवड्यात नाइट ड्युटी नाही आणि जेवण वेळेवर चाललंय.

गेल्या ऑगस्टमध्ये हे विमान क्लबातल्या एका आजोबांकडून घेतलं, ते तुम्हाला माहीत आहेच. त्यांचे हात आता थरथरतात, रिमोटची स्टिक धरवत नाही. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १६०० मिलिमीटर. खऱ्या स्पिटफायरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाची, ११.२३ मीटर. आपलं त्याच्या जवळजवळ एक सप्तमांश. अंग सगळं फोमचं, थर्माकोलसारखा पण त्याहून चिवट. आकार नेमका होता, तो लंबगोल पंख दुरूनही ओळखू यायचा. पण जवळ गेलं की प्लॅस्टिकचे पाय, तीन पात्यांचा पंखा, चिकटवलेले स्टिकर आणि तुकतुकीत रंग.

ऑक्टोबरात पहिल्यांदा उडवलं तेव्हा काय झालं ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. उतरताना चाकं गवतात रुतली, विमान नाकावर उलटलं आणि डावा पाय फोमच्या तुकड्यासकट उपटून आला. मी रात्री व्हिडिओ कॉलवर ते भोक दाखवलं. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल भरपूर इपॉक्सी भर. तुम्ही म्हणालात, "तुटलं तिथंच जाड करू नको. जोर कुठून येतो आणि कुठं जायला हवा ते बघ. डब्लर टाक, लांब टाक." मग मी डब्लर म्हणून, म्हणजे जोर वाटून घेणारी, दीड मिलिमीटरच्या प्लायवूडची पट्टी कापली, पायाच्या खाचेपासून थेट पंखातल्या कार्बनच्या नळीपर्यंत जाणारी, आणि टोकांना निमुळती केली, म्हणजे जोर एका रेषेवर येऊन थांबत नाही. पाय आता अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, आत स्प्रिंग असलेले. फोटो क्रमांक २ बघा.

नाकावर उलटायची खोड या जातीच्या विमानाला जन्मापासूनची. स्पिटफायरचे पाय बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे उघडल्यावर दोन चाकांत अंतर कमी राहतं आणि जमिनीवर ते डुगडुगतं. मी चाकं जरा पुढे कलवली, म्हणजे धुरा पंखाच्या पुढच्या कडेच्या खाली येतो. चाकांची तोंडं किंचित आत वळवली. एवढ्याने अर्धा त्रास गेला.

दुसरी दुरुस्ती विजेची. पाय मिटवणारी मोटर अडकली की ती वेड्यासारखी वीज ओढते, आणि त्याच तारेवर रिमोटचे इशारे पकडणारा रिसीव्हर असेल तर त्याचा व्होल्टेज खाली येतो. हवेत असं झालं तर विमान ऐकेनासं होतं. म्हणून रिसीव्हर आणि सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना वेगळा पुरवठा दिला, पायांना वेगळा. शेपटीच्या एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या झडपेचा, प्लॅस्टिक गिअरचा सर्व्हो काढून मेटल गिअरचा बसवला. या कामांचा फोटो काढण्यासारखं काही नाही, सगळं आत झाकलं गेलंय. पण तुम्ही विचारालच, म्हणून लिहिलं.

आता खरी गोष्ट. कोणतं विमान करायचं?

चार पात्यांचा पंखा लावायचा म्हटलं की मार्क नऊ, म्हणजे स्पिटफायरची नववी आवृत्ती, हे ठरलं. त्याच्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) होता, ती ताकद हवेत उतरवायला तीन पाती पुरत नव्हती. मग कोणत्या स्क्वाड्रनचं, हे शोधत बसले आणि एका रात्री मला १३२ नंबरची स्क्वाड्रन सापडली. तिचं पूर्ण नाव 'सिटी ऑफ बॉम्बे'. बाबा, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्या काळात हिंदुस्थानातल्या शहरांतून, संस्थानांतून लढाईसाठी निधी जमा व्हायचा आणि त्या बदल्यात आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, स्क्वाड्रनांना तिकडची नावं मिळायची. ही त्यातली मुंबईची. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा ती ससेक्समधल्या फोर्डहून मार्क नऊ उडवत होती, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. पुढे १९४५ मध्ये ती श्रीलंकेला गेली आणि शेवटी हाँगकाँगला.

आणि तिच्या बिल्ल्यावर काय असेल? बिबट्या. खाली लॅटिनमध्ये ब्रीद, 'बिबट्यापासून सावध'. वनखात्याने आपल्याकडे उसाच्या कडेला लावलेल्या पाटीवरचेच शब्द! तो बिल्ला मी इंजिनाच्या झाकणावर काढलाय, करंगळीच्या नखाएवढा. खऱ्या विमानांवर तो तिथे असायचाच असं नाही, पण ही एक सवलत मी घेतली. बाजूवरची अक्षरं मात्र खरी आहेत, या स्क्वाड्रनची 'एफएफ'. तिसरं अक्षर प्रत्येक विमानाचं वेगळं असायचं, ते मी आईच्या नावाचं 'एस' घेतलं.

नॉर्मंडीच्या वेळी आपली विमानं आपल्याच माणसांना ओळखू यावीत म्हणून पंखांवर आणि धडावर पांढरे-काळे पट्टे मारले होते. एकेक पट्टा १८ इंचांचा, पाच पट्टे, पांढऱ्याने सुरू आणि पांढऱ्याने शेवट. आपल्या मापात तो ६५ मिलिमीटरचा झाला. मी मास्किंग टेप लावणार होते, मग जुने फोटो पाहिले. ते पट्टे अगदी शेवटच्या घटकेला घाईघाईत मारलेले, ब्रशने, कडा वाकड्यातिकड्या. म्हणून मीही हातानेच मारले. मनाला फार जड गेलं, इतक्या गुळगुळीत केलेल्या पंखावर वाकडी रेघ ओढणं. मशीनगनच्या तोंडांवर लाल रंगवलेला पातळ कागद चिकटवलाय. खऱ्या विमानावर धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून लाल कापडाचे तुकडे लावायचे, पहिल्या गोळीने ते फाटत.

आता रिव्हेट. इथे तुमची फार आठवण आली.

स्पिटफायर याच गावचं. इचेन नदीकाठी वूल्स्टनला सुपरमरीनचा कारखाना होता, आणि पहिलं उड्डाण ५ मार्च १९३६ ला ईस्टलीच्या मैदानावरून झालं. ते मैदान म्हणजे आजचा आमचा विमानतळ, जिथे तुम्ही जुलैत येताना उतरणार नाही, कारण तुमचं तिकीट हीथ्रोचं आहे. यंदा त्याला नव्वद वर्षं झाली. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी तो कारखाना उद्ध्वस्त केला. मग काम गावोगाव वाटून दिलं: मोटार गॅरेजांत, बस डेपोंत, धोबीखान्यांत. डेपोत एसटीऐवजी पंख उभे आहेत आणि रिव्हेट मारायला पुष्कळशा बायका, असं डोळ्यांसमोर आणा.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. काउंटरसंक रिव्हेट, म्हणजे डोकं पत्र्यात बुडवलेले, गुळगुळीत बसतात पण वेळ खातात, हे तुमच्याकडून लहानपणापासून ऐकलंय. इथल्या लोकांनाही तोच प्रश्न होता, की सगळीकडे काउंटरसंक मारायलाच हवेत का, काही ठिकाणी गोल डोक्याचे चालतील का. त्यांनी काय करावं? गुळगुळीत विमानाच्या प्रत्येक रिव्हेटवर वाटाण्याची डाळ चिकटवली, एकेक डाळिंबी. म्हणजे गोल डोकं तयार. उडवून बघितलं तर वेग ताशी २२ मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबाने ३५ किलोमीटरने पडला. मग एकेका भागावरची डाळ काढत गेले आणि मोजत गेले, कुठली डाळ किती वेग खाते. त्यातून ठरलं की पंखाला काउंटरसंकच हवेत, मागच्या धडाला गोल चालतील. मी हे वाचलं तेव्हा तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आईचा डबा उघडून उभे आहात असं वाटलं.

या माहितीवर विसंबून मी मागच्या धडावर गोल डोक्याचे रिव्हेट केले. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, बोथट सुईची सिरिंज, एकेक थेंब. हात तर रोजच्या कामाने तयार आहेच. डाव्या बाजूचे सहाशे झाले, चार रात्री गेल्या. आणि पाचव्या रात्री कळलं की फेब्रुवारी १९४३ पासून धडालाही काउंटरसंकच मारायला लागले होते. माझं विमान १९४४ चं. एखादं जुनं विमान तेव्हाही वापरात असेल, असं मनाला समजावता आलं असतं. नाही समजावलं. सहाशे थेंब ओल्या पॉलिश पेपरने घासून काढले. तुम्ही ओझरच्या विमान कारखान्यात रिव्हेट मारल्यावर त्यावरून नख फिरवून बघायचात आणि नख अडलं तर ड्रिल करून परत मारायचात, ते मी फॅक्टरीच्या ओपन डेला पाहिलंय. तेव्हा मी सातवीत होते.

आता आहेत ते असे केलेत. पितळेची एक मिलिमीटरची नळी, टोकाला आतून धार केलेली, कमी तापमानाच्या सोल्डरिंग आयर्नला बसवलेली. हलकंच टेकवलं की बारीक गोल कडा उमटते, वर काहीच येत नाही. नख अडत नाही. सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास असतील.

त्याआधी फोमचे खड्डे हलक्या पुट्टीने भरले, घासले आणि वर अगदी पातळ काचेचं कापड पाण्याच्या वार्निशने बसवलं. पॉलिएस्टर रेझिन लावलं असतं तर फोमच विरघळला असता. पंख वाळताना मी तो फळीवर पाचरा लावून बांधून ठेवला होता. कारण स्पिटफायरच्या पंखाला पीळ आहे, मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा. टोक कमी कललेलं, म्हणून वेग कमी झाला की आधी मुळाकडची हवा सुटते, टोकाकडची टिकते, आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या टोकाकडच्या झडपा) शेवटपर्यंत चालतात. वाळताना तो पीळ गेला असता तर दिसायला काही कळलं नसतं, पण उतरताना एक पंख अचानक पडला असता.

वजनाने मात्र फार छळलं. स्पिटफायरचं नाक आखूड, शेपूट लांब. शेपटीकडे एक ग्रॅम रंग चढला की तोल सांभाळायला नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं लागतं. कापड, वार्निश, रंग मिळून मागे ३० ग्रॅम वाढले होते. ८० ग्रॅम शिसं पुढे टाकायचं मला पटेना. म्हणून शेपटीवरचा रंग पुन्हा घासून पातळ केला, बॅटरीची जागा कापून ती पुढे सरकवली आणि कॉकपिटमधली प्लॅस्टिकची खुर्ची काढून कागदाची केली. शेवटी २० ग्रॅम शिशावर भागलं. विकत घेतलं तेव्हा विमान ३.६ किलोचं होतं, आता ३.९ आहे. वजन आठ टक्क्यांनी वाढलं की उतरायचा वेग चारएक टक्क्यांनी वाढतो. तेवढं चालेल असं ठरवलं.

काल वारा अगदी मंद होता. विमानावर माझ्या नोंदणीचा नंबर लावावा लागतो, तो पोटाखाली आहे. क्लबातले परीक्षक शेजारी उभे होते. थ्रॉटल हळूहळू दिला, शेपूट उचललं, चार पात्यांच्या ओढीने विमान डावीकडे वळू लागलं, मी शेपटीवरचा रडर उजवीकडे दिला आणि ते गवतावरून सुटलं. पाय मिटले, आधी उजवा, मग डावा. खऱ्यांचेही असेच मागेपुढे मिटायचे म्हणतात. वळताना ऊन पंखावर तिरपं पडलं आणि रिव्हेटांच्या ओळी क्षणभर दिसल्या. इतक्या दुरून दिसतील असं मला वाटलंच नव्हतं.

मागच्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा मी फोन केला होता. तुम्ही फार बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "बायसन करताना नवं रडार बसवलं, नवी काच बसवली, पण कातडं आमच्याच हातचं होतं." (बायसन म्हणजे मिग-२१ चं सुधारलेलं रूप.) ते वाक्य मी तेव्हा लिहून ठेवलं. काल विमान डोक्यावरून गेलं तेव्हा तेच आठवलं.

आता कामाचं. डाव्या चाकाचं झाकण पुरतं बंद होत नाही, दोन मिलिमीटरची फट राहते. फोटो ७ बघून सांगा, बिजागरी बदलू की दांडी आखूड करू. आणि पंखावरच्या मशीनगनच्या झाकणाभोवतीचे रिव्हेट मी अजून मारलेले नाहीत, ते तुमच्या हातचे हवेत. येताना रिव्हेटांमधलं अंतर आखायची तुमची ती घडीची पट्टी आणा, देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील.

आईला नमस्कार, आजीला गुडघ्याला तेल चोळायला सांगा.

तुमची,
मनू