माहिती गेली आमची, दंड जमा सरकारकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेटा गळतीची बातमी छापून आली की तिच्या शेजारची चौकट ठरलेली असते. पासवर्ड बदला, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. सल्ला चुकीचा नाही, पण सगळी कामं ज्याची माहिती गेली त्याच्याच गळ्यात. ज्याच्या हातून गेली त्याच्याकडून काय वसूल करता येतं, यावर अवाक्षर नाही. मी ग्राहक तक्रारींची वकिली करतो आणि ‘कंपनीवर काही करता येतं का हो?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. करता येतं. मात्र घोडं अडतं ते नुकसान सिद्ध करण्यापाशी.

गळतीनंतर कंपन्या ग्राहकांना जो ईमेल पाठवतात, तो जरा सावकाश वाचून पाहावा. ‘आपल्या माहितीची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वात महत्त्वाची आहे’ ही ओळ शोभेची, ती सोडून द्या. पुढे ‘काही मर्यादित माहिती’ असा उल्लेख येतो. कोणती माहिती, ती किती दिवस उघडी होती, कंपनीला कधी कळलं, याचा पत्ता नसतो. आणि शेवटाकडे हमखास असतं : ‘माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही.’ वाचणाऱ्याला हायसं वाटतं. वकिलाला त्यात कंपनीचा बचाव दिसतो. उद्या भरपाई मागायला गेलात की पहिला सवाल हाच येणार : तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा. चोरलेली माहिती वर्षा-दोन वर्षांनी वापरली गेली, तर ती नेमक्या याच गळतीतून गेली हे कोण आणि कसं सिद्ध करणार? पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यांच्या रकमा ऐकून आपले डोळे विस्फारतात. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून २०१७ साली सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. २०१९च्या तडजोडीत ग्राहकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद झाली आणि ज्यांना पतनिगराणीची, म्हणजे पतनोंदींवर लक्ष ठेवण्याची सेवा नको त्यांना १२५ डॉलर रोख मिळतील असं जाहीर झालं. या रोख पर्यायासाठी बाजूला काढलेली रक्कम मात्र फक्त ३.१ कोटी डॉलर होती. अर्जांचा इतका पाऊस पडला, की हाती फारच थोडं पडेल हे ग्राहकहित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेला, फेडरल ट्रेड कमिशनलाच, जाहीर करावं लागलं. दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सयुनियन या दुसऱ्या पतमाहिती कंपनीच्या खटल्यात भरपाईचं दार आणखी अरुंद केलं. प्रकरण गळतीचं नव्हतं, पतनोंदींत लोकांवर चुकीचा शिक्का मारल्याचं होतं. ८,१८५ जणांपैकी ज्यांची चुकीची नोंद बाहेर कुणाला पाठवली गेली, अशा १,८५३ जणांनाच भरपाईसाठी दावा करता येईल, बाकीच्यांना प्रत्यक्ष हानी झालेली नाही, असा निकाल लागला. गळतीच्या खटल्यांत कंपन्यांचे वकील आता हाच निकाल पुढे करतात.

युरोपने वेगळी वाट धरली आणि माझ्या मते तीच बरोबर आहे. २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८२नुसार पैशाच्या नुकसानीबरोबरच मनस्तापाचीही भरपाई मागता येते. बल्गेरियाच्या करखात्यावर २०१९मध्ये सायबर हल्ला झाला आणि लाखो नागरिकांची माहिती इंटरनेटवर आली. ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पुढे गैरवापर होईल ही रास्त भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते. आणि सुरक्षाव्यवस्था पुरेशी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती सांभाळणाऱ्याची आहे, नागरिकाची नाही. ही दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कंपनीच्या सर्व्हरमध्ये काय चाललं होतं हे बाहेरचा माणूस कुठून सांगणार? नोव्हेंबर २०२४मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेसबुकच्या प्रकरणात आणखी पुढचं पाऊल टाकलं : स्वतःच्या माहितीवरचा ताबा सुटणं हेच नुकसान. अशा वेळी शंभर युरोच्या आसपास भरपाई योग्य ठरू शकते, असंही सुचवलं. एका माणसासाठी ही किरकोळ रक्कम, पण कोट्यवधी वापरकर्त्यांनी गुणली की संचालक मंडळाला घाम फुटावा अशी.

आता भारताकडे पाहू. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षा राखण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मथळ्याला आकडा छान दिसतो. पण ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती गेली त्याला भरपाईची तरतूदच नाही. या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार घेऊन जाण्याआधी कंपनीच्याच तक्रार यंत्रणेचे उंबरठे झिजवायचे. वर खोटी किंवा निरर्थक तक्रार केल्याचं ठरलं तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड! कायदा करणाऱ्यांना नेमकी कुणाची धास्ती वाटली, असा प्रश्न पडतो.

याहून गंभीर बाब म्हणजे याच कायद्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-ए रद्द व्हायचं आहे. निष्काळजीपणामुळे संवेदनशील माहिती गळून नुकसान झालं तर कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क हे कलम देतं. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. कोर्टातले मुरलेले वकीलही हा रस्ता विसरतात. नोव्हेंबर २०२५मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार हे कलम रद्द करणारी तरतूद अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होईल.

ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे आणि तो राहील. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत माहिती नीट सांभाळली नाही, तर ती सेवेतील त्रुटी आहे असं म्हणता येतं. विश्वासाने दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत दोन वर्षांची. आयोगाची परवानगी घेऊन समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एकच तक्रारही दाखल करता येते. फुकट मिळणाऱ्या ॲपबाबत मात्र ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप येणार हे धरून चालावं.

कोणताही मार्ग धरा, कागद लागतात. कंपनीचा तो ईमेल पुसू नका. माझी नेमकी कोणती माहिती गेली आणि तुम्हाला हे कधी कळलं, असं लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तेही तुमच्याच बाजूने बोलतं. नवं कार्ड घेण्याचा खर्च, बँकेत आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारींचे क्रमांक, फसवे फोन आल्याच्या तारखा, सगळं एका जागी ठेवा.

नव्या कायद्यात भरपाईचं कलम घालायला किंवा ४३-ए कायम ठेवायला एक छोटी दुरुस्ती पुरेशी आहे आणि संसदेकडे अजून वेळ आहे. दुरुस्ती होईल न होईल. ज्यांचं नुकसान आधीच झालं आहे त्यांनी ४३-एखालचा अर्ज मे २०२७वर ढकलू नये.

आपला,
एक वकील वाचक